अध्यक्षांना पत्र्याखाली बसवल्याची हकीकत

तीर्थस्वरूप ताई,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. पत्र्याच्या छपराखाली शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या माझ्या तमाम बंधुभगिनींनो, आपलं दुखणं एकच आहे: ऊन किती आहे हे ज्यांनी ठरवायचं, ते कायम सावलीत बसलेले असतात! (माफ कर. पत्र लिहायला बसलो तरी समोर मैदान भरलेलं दिसतं.) तुझी नात, आपली टकळी, सुखरूप आहे. हे वाक्य सगळ्यात आधी लिहा, असं तुझ्या भावजयीने बजावलं होतं. उशिरा आलं म्हणून पुन्हा लिहितो. टकळी ठणठणीत आहे, काल तिने स्वतःचं जेवून माझ्या ताटातलंही खाल्लं आणि तोंडात घास असतानाही बोलत होती. तुझे गुडघे कसे आहेत? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतेस ना? आजची राहिली असेल तर आधी घे, मग पुढे वाच.

तुझ्या लेकीने फोनवर काहीबाही सांगितलं असेल, पण ती मुद्द्याचं तेवढंच सांगते आणि त्यामुळे काहीच कळत नाही. मी नीट सांगतो. माझा वर्ग वरच्या मजल्यावर, थेट पत्र्याखाली. दुपारी तो पत्रा तडतडायला लागतो, बाकाला हात लावला की मुलं हात झटकतात, आणि पंखा नावाचं यंत्र वरची आग गोळा करून आमच्या डोक्यावर वाढतं. खाली मात्र सभागृह आहे. जाड भिंती, उंच छत, झाडांकडे उघडणाऱ्या खिडक्या. असं गार की माणसाला सत्य बोलावंसं वाटावं. पण ते पाहुण्यांसाठी राखीव! पाहुणे कधी येत नाहीत, म्हणून खुर्च्यांवरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नाही. किल्ली अध्यक्षांच्या घरी. आता आमच्या समितीची कार्यपद्धती बघ. मुलांना उन्हाचा त्रास होतो असा विषय मी दर बैठकीत मांडतो. बैठक सकाळी, त्याच सभागृहात, गार पाण्याचे पेले समोर ठेवून. अध्यक्ष हात वर करून हवा चाचपतात आणि म्हणतात, "कुठे आहे गरम?" खजिनदार अंगावरचा कोट आवळून घेत म्हणतात, "उलट थोडी थंडीच आहे." आणि विषय तहकूब. मी या लोकांपुढे सॉक्रेटिसपासून सुरुवात करून पाहिली आहे, ताई. सॉक्रेटिसलाही त्यांनी तहकूब केलं.

मग गेला मंगळवार उजाडला. दुपारच्या सुट्टीनंतर मी गुणाकार शिकवत होतो (खरं म्हणजे गुणाकारावरून स्वातंत्र्यावर आलो होतो), आणि बोलता बोलता मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. वर्गात शांतता होती. माझ्या भाषणाने कोणी गप्प झाल्याचं मला आठवत नाही, म्हणून मी बघितलं, तर टकळी गप्प! जी मुलगी झोपेतही वाक्य अर्धं सोडत नाही, ती बाकावर डोकं टेकून बसलेली. चेहरा लालभडक. नाव विचारलं तर माझंच नाव सांगितलं. ताई, आयुष्यात पहिल्यांदा मी एकही शब्द न बोलता एक काम केलं: तिला उचललं आणि जिना उतरलो.

सभागृहाला कुलूप. अध्यक्षांच्या घरी माणूस पाठवायचा तर जाऊन येऊन तास जाणार. तेवढ्यात आमच्या मुख्याध्यापिका बाई आल्या. तू त्यांना भेटली आहेस. खडूची पेटी घ्यायची तरी समितीला अर्ज करतात, इतक्या भिडस्त. त्यांनी टकळीच्या मानेला हात लावला, कुलपाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तोडा." बस, एवढंच. मी तीस वर्षं भाषणं करतोय, पण एका शब्दात इतकं बळ मला कधी भरता आलं नाही (हेवा वाटला, लपवत नाही). खेळाच्या खोलीतून गोळाफेकीचा लोखंडी गोळा आणला. पहिला घाव माझ्या अंगठ्यावर बसला, दुसरा कुलपावर. टकळीला गार फरशीवर निजवलं, बाईंनी पदर भिजवून तिचं तोंड, मान, हातपाय सारखे पुसले, मी वहीच्या पुठ्ठ्याने वारा घातला. डॉक्टर आले तोवर ती आम्हाला ओळखायला लागली होती. मग घोट घोट पाणी पाजलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर खाली आणलीत. आणखी थोडा वेळ वर ठेवली असतीत तर काय झालं असतं ते मला सांगायला लावू नका. टकळीने डोळे उघडून छताकडे बघितलं आणि पहिलं वाक्य बोलली, "सर, इथे बोललं तर चालतं का?" मी म्हटलं, बोल बाई, वाट्टेल ते बोल. आणि कोपऱ्यात जाऊन डोळे पुसले. (हे घरी कोणाला माहीत नाही.)

बाईंनी त्याच दिवशी वरचे सगळे वर्ग सभागृहात उतरवले. अध्यक्ष भडकले. कुलूप तोडणाऱ्याला शाळेतून काढण्यासाठी तातडीची बैठक, आणि तीही नेमकी दुपारी! मी रात्री जागून भाषण तयार केलं. ताई, असं भाषण मला पुन्हा सुचणार नाही. त्यात ग्रीस होतं, रोम होतं, आणि शेवटी असा एक हुंदका होता की खजिनदारांनीसुद्धा रुमाल काढला असता. समिती आली, तर सभागृहात मुलांची परीक्षा चाललेली. अध्यक्ष म्हणाले, रिकामं करा. बाई म्हणाल्या, "परीक्षा मधेच थांबवायची तर समितीचा ठराव लागतो, साहेब. वर्ग मात्र वरचे रिकामे आहेत." नियमावर बोट ठेवायला जन्मभर नियम पाळणारी माणसंच बरी!

तर समिती वर चढली. अध्यक्ष कोट घालून तिसरीच्या बाकात बसले आणि गुडघे अडकून तिथेच राहिले. खजिनदारांनी पंखा लावला आणि लगेच म्हणाले, "अरे, बंद करा तो!" पत्रा तडतडला तसे दोघेही दचकले. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "सन्माननीय अध्यक्ष महोदय..."

"मंजूर," अध्यक्ष म्हणाले.

"काय मंजूर?"

"तुमचं जे काय असेल ते. मुलं खालीच बसू द्या."

"आणि मला काढण्याचा विषय?"

"तो रद्द! बाई, लिहून घ्या. आणि कोणीतरी मला या बाकातून काढा."

"पण साहेब, मी अजून सुरुवातही..."

"गुरुजी, हात जोडतो. वाटलं तर घरी या, पण इथे बोलू नका."

जिंकलो, ताई. शाळा आता भल्या सकाळी भरते, ऊन चढलं की कवायत बंद, वरचे वर्ग सभागृहात, आणि दर तासाला पाण्याची सुट्टी. सगळं मिळालं, फक्त भाषण तसंच राहिलं. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. पण काल टकळी सभागृहातल्या खुर्चीत पाय हलवत बसली होती, शेजारणीला सलग काहीतरी सांगत होती, आणि मी तिला गप्प बसवलं नाही. असा सुटल्यासारखा श्वास मी बऱ्याच दिवसांत घेतला नव्हता.

तब्येतीला जप. मेहुण्यांना नमस्कार.

तुझा,
भाऊ

ता. क. अंगठा काळानिळा आहे, पण कोणी विचारलं तर हातोडा लागला असं सांगतो. लोखंडी गोळ्याचं सांगितलं की लोक मूळ विषय विसरून हसतात.

ता. क. भाषण सोबत जोडलेलं नाही. ते वाचायचं नाही, ऐकायचं आहे. तुझ्या शाळेच्या वार्षिक समारंभाला वक्ता ठरला नसेल तर मी मोकळा आहे. ठरला असेल तरी मोकळा आहे.

ता. क. समारंभाचं राहू दे. हे पत्र लिहिण्याचं कारण वेगळंच आहे आणि इतका वेळ ते मला लिहवेना. ताई, तूही मुख्याध्यापिका आहेस. तुझीही सहावी-सातवी पत्र्याखालीच बसते, आणि मागे मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "आमच्याकडे एवढं नाही रे होत." हे तू खालच्या मजल्यावरच्या कचेरीतून बोललीस. तुझ्याशी वाद घालायची माझी प्राज्ञा नाही. तू फक्त उद्या दुपारी, गुडघे दुखत असले तरी, एकदा वर चढ. आणि उतरताना मुलांना बरोबर घेऊनच उतर.