अठरा भोकांच्या टेबलाची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा सुतारकाम, हे पूर्ण शुद्धीवर, चष्मा लावून आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. पत्नी शेजारच्या खोलीत आहे, पण ते दडपण जुने असल्याने धरू नये.

१. राहते घर पत्नीचे. तिच्या हयातीत कोणी वाटणीचा शब्द काढू नये. काढल्यास ती बघून घेईल.

२. बँकेतली शिल्लक मुलाला. हत्यार मात्र एकही देऊ नये. त्याने माझ्या सर्वांत चांगल्या पटाशीने रंगाचा डबा उघडला आणि वर "त्यात काय झालं एवढं?" असे विचारले.

३. हत्यारे व कामाचे टेबल मुलीला. टेबलाच्या फळीला अठरा भोके आहेत. भोकात लोखंडी पकड ठोकली की खालचे लाकूड हलत नाही. पैकी पहिली सहा भोके मी आतून घासून व्हार्निश लावलेली आहेत. ती वापरू नयेत. आधी कानशीने आतून खरवडून कोरडी करावीत, फक्त तोंडाची धारदार कड घासून गोल केलेली आहे, ती तशीच राहू द्यावी. उरलेली बारा मी नंतर पाडली व कोरडीच ठेवली. का, ते कोणाला सांगितले नाही.

४. धाकट्या भावाला काही ठेवलेले नाही. साक्षीदार म्हणून मला तोच हवा आहे, आणि वकीलसाहेब म्हणतात, साक्षीदाराच्या पदरात काही टाकता येत नाही. म्हणून फक्त खुलासा.

बारा वर्षांपूर्वी तो याच टेबलावर चौकटीला खाच पाडत होता. पकड सुटली, लाकूड सरकले आणि पटाशी त्याच्या उजव्या हातात घुसली. दोन बोटे पुन्हा मिटली नाहीत. मी सर्वांदेखत म्हणालो, "पकड नीट ठोकायला काय झालं होतं तुला?" गिऱ्हाइकांनी तेच धरून ठेवले. नाजूक काम त्याला कोणी दिले नाही. तो आजतागायत खोकी ठोकतो.

पकड त्याने नीटच ठोकली होती. व्हार्निश लावलेल्या भोकात ती धरत नाही. टेबल देखणे दिसावे म्हणून दोन दिवस आधी ते मी लावले होते. मला याची लाज वाटते. हे कलम मी गेल्यावर सर्वांसमोर मोठ्याने वाचावे.

ठिकाण: घरालगतचा कारखाना, टेबलापाशी. दिनांक: ९ मार्च.

सही: थोरला सुतार

साक्षीदार पहिला: समोरचा कुलूपवाला. (माझी करवत दोन वर्षे त्याच्याकडे आहे. सही करताना त्याने विषय काढला नाही.)

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ. सही डाव्या हाताची. खाली त्याच हाताने:

"दादा, त्याच दिवशी पट्टी बांधायच्या आधी मी भोकात बोट घालून बघितलं होतं. तू कधी बोलतोस म्हणून थांबलो होतो. आता तू गेल्यावर कशाला? रविवारी सगळ्यांना बोलावतो. तूच वाच."