न चाललेल्या खेळाचे पावणेसहा तास

आई, तुझी नात आता पुण्यात नोकरी करते. तू गेलीस तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि तुझ्या चष्म्याची काडी चावत बसायची. आता बावीसची आहे. आपल्या या हिंदी मुलखात वाढली, म्हणून मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीतच देते. तुला ते खपलं नसतं, पण तूही तिला काही बोलली नसतीस. माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला तिने पहिल्या पगारातून मला कॉम्प्युटरवरचा एक खेळ भेट पाठवला. खोकं नाही, कुरियरवाला नाही. एक मेल आला, त्यातलं बटण दाबलं आणि तासाभरात खेळ इंटरनेटवरून घरच्या कॉम्प्युटरवर उतरला. मालगाडी चालवायचा खेळ होता. ती लहान असताना मी तिला सांगितलं होतं, की शाळा सुटल्यावर मी रेल्वेत तुझ्या ऑफिसात येऊन बसायचो आणि खिडकीतून मालगाडीचे डबे मोजायचो. मी ते सांगितल्याचं विसरलोही होतो. ती विसरली नव्हती.

खेळ चालला नाही. सुरू केला की इंजिनाचा भोंगा वाजायचा, पावसाचा आवाज यायचा, रुळांचा खडखडाट यायचा आणि पडदा ठार काळा. मी शहराबाहेर उरला गावच्या रोलिंग मिलमध्ये सत्तावीस वर्षं मेंटेनन्स पाहतोय. बंद पडलेली वस्तू समोर असली की मला उठवत नाही, हा माझा गुण म्हण की खोड म्हण, तुला माहीतच आहे. पहिली पाळी करून तीन वाजता ब्राह्मणपाऱ्यातल्या आपल्या घरी यायचं, जेवायचं आणि कॉम्प्युटरसमोर बसायचं, असं आठवडाभर चाललं. खेळ काढून टाकला, पुन्हा उतरवला. चित्र दाखवणारी सगळी यंत्रणा नवी करून पाहिली. इंटरनेटवर जगभरच्या लोकांनी सुचवलेले उपाय एकेक करून पाहिले. दर वेळी भोंगा, पाऊस आणि अंधार. तुझी सून दारात उभी राहून म्हणायची, "गाडी आली का तुमची?" मी म्हणायचो, "सिग्नल नाही."

शेवटी विकणाऱ्यांच्या साइटवर परतीचे नियम वाचले. खरेदीपासून दोन आठवड्यांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत. माझ्या मनात साधा बेत होता. पैसे गुपचूप माझ्या खात्यात घ्यायचे, मालगाडीचाच दुसरा एखादा खेळ आणायचा आणि पोरीला काही कळू द्यायचं नाही. पण खाली लिहिलं होतं, खेळ भेट मिळालेला असेल तर पैसे भेट देणाऱ्याला परत जातील आणि त्याला तसं कळवलं जाईल. मी ते पान बंद केलं. पहिल्या पगाराची भेट, बापाने परत केली असं तिला कळवलं जाईल! त्यापेक्षा काळा पडदा बरा, असं मला त्या वेळी वाटलं.

मग रविवारी सकाळी तिचा फोन आला. "बाबा, पौने छह घंटे! आप तो छुपे रुस्तम निकले!" मला काही समजेना. तिने समजावलं, की कोणी कोणता खेळ किती वेळ खेळला ते मित्रांच्या यादीत दिसतं, आणि माझ्या नावापुढे पावणेसहा तास दिसत होते. मी जितके तास काळ्या पडद्यासमोर घालवले ते सगळे खेळण्यात धरले गेले होते. ती इतकी खूश होती, आई! ऑफिसातल्या मैत्रिणींना सांगून आली होती, की माझे बाबा मिलमधून येतात आणि ट्रेन चालवतात. "कौन सा रूट कर रहे हो?" तिने विचारलं. मी म्हणालो, "घाटाचा." त्या खेळात घाट आहे की नाही हेही मला ठाऊक नव्हतं. "मज़ा आ रहा है ना?" "खूप," मी म्हणालो. "तो दिवाली पर इसका दूसरा वाला भी भेजूँगी."

फोन ठेवला तर तुझी सून स्वयंपाकघरातून बाहेर आलेली. हातात पोह्यांची चाळणी तशीच. "कोन्ता घाट चढून राहिले तुमी?" तीच पुढे म्हणाली, "पोरगी अजून एक पाठवन, तोही चालणार नाही, मंग त्याच्यातही घाटच चढसान का? सांगून टाका न तिले." दोन आठवडे संपायला दोन दिवस उरले होते.

त्याच दुपारी मी पोरीला फोन लावला. सांगितलं, खेळ एकदाही चाललेला नाही, ते तास चालवण्याचे नाहीत, दुरुस्तीचे आहेत, आणि घाट मी मनानेच रचला. मग ती म्हणाली, "ख़राब निकला, वो तो ठीक है बाबा. आप झूठ क्यों बोले? मैंने सबको बता दिया था." आवाज बारीक झाला होता तिचा. मी म्हणालो, "तुले वाईट वाटलं असतं." ती म्हणाली, "अब नहीं लग रहा क्या?" मी कॉम्प्युटर चालू केला. मग तीच म्हणाली, "रिफ़ंड डालो. मेरे पास मैसेज आएगा तो आने दो."

मी अर्ज टाकला. दहा मिनिटांत नकार आला. हा खेळ आपण दोन तासांपेक्षा जास्त खेळला आहात, क्षमस्व. माणसाने वाचलंच नव्हतं ते, यंत्राने आकडा पाहिला आणि दार लावलं. माझं डोकं फिरलं. फसवणूक, लूट, ग्राहक न्यायालय, सत्तावीस वर्षांचा अनुभव, असं सगळं मी नकाराखाली उत्तरासाठी दिलेल्या चौकटीत लिहीत गेलो. चौकट भरली आणि पुढचं अक्षर उमटेना. तिथे हात थांबला आणि मला तू आठवलीस.

मी पंधरा वर्षांचा आहे. टपालाने मागवलेला रेडिओचा संच मी आठ दिवस खपून जोडला आहे आणि त्यातून नुसती घरघर येते आहे. मी कंपनीला दोन पानी पत्र लिहून तुला दाखवायला आणलं आहे. तू कणीक मळते आहेस. हात भरलेले, म्हणून मी पान तुझ्या डोळ्यांसमोर धरून उभा आहे. तू दोन्ही पानं वाचतेस, आणि माझी अपेक्षा अशी की तू म्हणशील, वा. तू म्हणतेस, "यात तुले काय पाहिजे ते कुठं लिहिलं आहे?" मी पुन्हा पाहतो. कुठेच लिहिलेलं नाही. "तू किती चिडला ते वाचून तो माणूस काय करन? मी दिवसभर असेच कागद वाचते रे. बिचाऱ्याचं नुकसान खरं असते, पण काय नुकसान झालं तेच लिहीत नाही." मग तू मला तिथेच पाटावर बसवून नवं पत्र लिहायला लावलंस. काय मागवलं, काय आलं, काय करून पाहिलं, काय पाहिजे. पाच ओळी झाल्या. मला रडू येत होतं, कारण माझा सगळा राग तू कणकेच्या हाताने बाजूला सारला होतास. महिन्याभरात दुसरा संच आला.

तुझं काम मी पाहिलं होतं. पार्सलच्या भरपाईचा तो विभाग, लाकडी टेबल आणि त्याच्यावर लोकांनी आणून ठेवलेल्या वस्तू. एकदा एक माणूस शिलाई मशीन घेऊन आला होता, त्याचं चाक प्रवासात तुटलं होतं. तो इतका ओरडत होता की शिपाई मध्ये पडला. तू त्याला पाणी दिलंस आणि चाकावरून बोट फिरवत विचारलंस, "पाठवलं तेव्हा धड होतं, हे दाखवायला तुमच्याजवळ काय आहे?" तो एकदम शांत झाला आणि खिशात पावती शोधायला लागला. तुझं ते बोट मला अजून दिसतं. माझी अडचण अशी, की माझ्या खेळाला चाकच नव्हतं. टेबलावर ठेवायला माझ्याकडे वस्तू नव्हती, फक्त माझ्याविरुद्ध बोलणारे पावणेसहा तास होते.

पण तुझा प्रश्न तोच होता, आणि उत्तर मिळालं मिलमध्ये. आमच्याकडे कॉम्प्युटर पाहणारी एक तंत्रज्ञ आहे. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हव भैया, लॉग तो होगा ना. कब खुला, कब बैठ गया, सब उसमें लिखा रहता है." घरी येऊन ती फाइल शोधली. एक्केचाळीस वेळा खेळ सुरू झाल्याची नोंद होती, प्रत्येकीची वेळ मिनिटासह, आणि दर वेळी शेवटी चित्र न उमटल्याची तीच एक ओळ. मी रागाचं सगळं पुसलं. लिहिलं: खेळ एक्केचाळीस वेळा सुरू केला, चित्र एकदाही आलं नाही. सगळ्यांत मोठी खेप चौदा मिनिटांची, तीही काळ्या पडद्यासमोर. माझा कॉम्प्युटर तुम्ही सांगितलेल्या ताकदीचा आहे. नोंदीची फाइल आणि पडद्याचा फोटो जोडला आहे. हा अर्ज माणसाने वाचावा आणि पैसे भेट देणारीच्या खात्यात परत करावेत. आधी मराठीत लिहिलं, मग इंग्रजी केलं. मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी पाठवलं, आणि पाठवतानाच मला खात्री होती. असं पत्र परत येत नाही, हे मी तुझ्या हाताखाली शिकलो आहे.

तिसऱ्या दिवशी मंजूर झालं. उत्तर माणसाचं होतं, खाली नावही होतं. पोरीने मेसेज केला, "आ गया." नंतर अजून एक, "पत्र मुझे भी भेजो, ऑफिस में काम आएगा." मी पाठवलं. पुढच्या रविवारी तिने फोनवरून माझ्या कॉम्प्युटरची सगळी माहिती एकेक करून विचारून घेतली आणि म्हणाली, दुसरा पाठवते, पण नाही चालला तर त्याच दिवशी सांगायचं. मी हो म्हणालो. ती म्हणाली, "प्रॉमिस?" मी म्हणालो, "प्रॉमिस."

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून इथे लिहितो. पोरीला वाटतं मी तिला आपणहून खरं सांगितलं, आणि त्याचं तिला आता कौतुकही आहे. खरी गोष्ट अशी, की भेट देणाऱ्याला कळवलं जाईल ही ओळ त्या नियमांत नसती, तर मी गुपचूप पैसे घेतले असते, दुसरा खेळ आणला असता आणि दर रविवारी तिला नवा घाट सांगत राहिलो असतो. हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.