आत्याच्या बाटलीतल्या गोळ्या

ता. ४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आजोबांचे अ. उ. आ.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. आधी चष्म्याची काडी मोडली, ती दोऱ्याने बांधली, तर दाढ सुजली. गाल धरून बसलेल्या माणसाला ओळ सरळ धरता येत नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या शिंप्याचं अक्षर आधीच कसं असतं ते तुला ठाऊक आहे. लहानपणी तूच म्हणायचीस, की आजोबांच्या ओळी म्हणजे उसवलेली शिवण.

तू कारखान्यात यंत्रापाशी चक्कर येऊन पडलीस, हे मला घरात कोणी सांगितलं नाही. फोन तुझ्या आत्याने घेतला, शेजारची मास्तरीण आली, दोघींची कुजबुज झाली आणि मी दारात दिसताच दोघी पडद्यांच्या धुलाईवर बोलायला लागल्या. शेवटी तुझ्या बापाला गाठलं. त्याने वर्तमानपत्रातून डोकं न काढता सांगितलं, की बायकांचं काहीतरी आहे. विमा कचेरीत एवढा साहेब झालाय, लोकांच्या मोडक्या हातापायांची चौकशी करण्याचा पगार घेतो, आणि पोटच्या पोरीचं दुखणं म्हणजे 'काहीतरी'!

आत्याने तर निकालच देऊन टाकला. आजकालच्या मुलींच्या अंगात हाडं नाहीत, नुसते लाड भरलेत, असं ती म्हणाली. त्या दिवसांत ती म्हणे पाण्याच्या बादल्या तिसऱ्या मजल्यावर चढवायची आणि कोणाला कळायचंही नाही. मग मास्तरणीने आपलं सांगितलं, की ती कळा सोसत दिवसभर फळ्यापुढे उभी राहायची. दोघींची चढाओढ लागली. पेन्शनीतले शिपाई लढाया सांगतात तसं. मी मनात म्हटलं, बायांनो, सोसलंत, ठीक आहे, पण पदक द्यायला कोण येणार आहे?

तुझी आई गेल्यापासून आत्याने तुला वाढवलं, त्यामुळे तिच्यापुढे बोलायची माझी छाती होत नाही. पण तिची डॉक्टरकी आता डोक्यावर बसली आहे. कधीकाळी दवाखान्यात चिठ्ठ्या फाडायला होती, तेवढ्या शिदोरीवर सगळ्या घराची औषधं तिच्या ताब्यात. गोळ्यांची पाकिटं ती अजूनही आल्याबरोबर फोडते, गोळ्या जुन्या बाटल्यांत भरते आणि पाकिटं फेकून देते. कुठल्या बाटलीत काय आहे ते तिला ठाऊक आणि तिच्या कपाटाला. माझ्या हाडांच्या गोळ्या हल्ली महिना सरायच्या आत संपतात, तर म्हणते मी पेपरमिंट समजून चघळत बसतो. या वयात आता गोळीचोरही झालो.

तू तिच्याकडून जातात त्या गोळ्या वेळेवर घेतेस ना? गुण येतो ना? मला खरं लिही. नक्की कुठे दुखतं, कसं दुखतं, तेही लिही. मी म्हातारा आहे, मला लाज उरलेली नाही. फोनवर मला ऐकू येत नाही आणि आत्याला सगळं ऐकू येतं, म्हणून पत्रच लिही. जिन्यावरून सांभाळून उतर.

तुझा,
काळजीत असलेला आजोबा

ता. ११ फेब्रुवारी

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

तुमच्या दाढेला माझाही नमस्कार सांगा, तिच्यामुळे पत्र तरी लांबलचक आलं.

विचारलंत म्हणून लिहिते. पाळीच्या पहिल्या दिवशी कोणीतरी कंबरेत हात घालून ओलं कापड पिळावं तसं पिळून निघतं. मग पाय आपले राहत नाहीत. भिंग घासायच्या यंत्रावर आठ तास उभं राहावं लागतं. हात जरा हलला तर भिंगावर ओरखडा उठतो आणि भिंग बाद. त्या दिवशी माझी तीन बाद गेली, चौथ्याला मीच गेले. शुद्धीवर आले तेव्हा सुपरवायझर बाई माझ्या डोक्याशी उभ्या राहून इतर मुलींना सांगत होत्या, की त्यांनी दोन बाळंतपणं काढली पण कधी रजा काढली नाही. बाई स्वतः खुर्चीवर बसून काम करतात, हे सांगायला मात्र विसरल्या.

खोलीतल्या दोघीजणी आपापल्या परीने निभावतात. एक गरम पाण्याची पिशवी पोटाला बांधून वर सैल सदरा घालते. तिच्या आईनेच शिवून दिलाय. दुसरी एक गोळी घेते आणि संध्याकाळी सिनेमाला जाते! तिच्याकडे बघून मला स्वतःची शरम वाटते. कारण मी आत्याच्या दोन-दोन गोळ्या घेते आणि काडीचा फरक पडत नाही. एवढ्या जाड गोळ्या, डोळे मिटून घटाघट पाण्याबरोबर ढकलते, आणि मग भिंतीकडे तोंड करून वाट बघत पडते. खोलीतली म्हणाली, माझी घेऊन बघ. मी नाही म्हटलं. मागे एकदा इथल्या दुकानातून खोकल्याचं औषध घेतलं होतं, तर आत्याने फोनवर असं आकांडतांडव केलं की खोलीच्या मालकीणबाईही बाहेर आल्या.

कारखान्याच्या डॉक्टरांनीच त्या गोळीची चिठ्ठी दिली होती, ती मी आत्याकडे पाठवली होती. ते आता म्हणतात, की या गोळीचा एवढासाही गुण येत नाही म्हणजे आत काहीतरी मोठं असणार. तपासण्या करा, फोटो काढा, तोपर्यंत उभ्याचं काम बंद. बसायचं काम इथे फक्त सुपरवायझर बाईंना आहे.

तेव्हा आजोबा, मी ठरवलंय. महिनाअखेरीला राजीनामा देते आणि घरी येते. दोन वर्षं भिंगांत घालवली, पुढच्या महिन्यात मला कायम करणार होते, पण ते जाऊ दे. आत्या म्हणते ते खरं असावं. मी मुळातच पुचाट आहे. तिने एक स्थळ बघून ठेवलंय, लग्न झालं की हे थांबतं म्हणे. बघू, नवरा काय गरम पाण्याची पिशवी आहे का.

सोबत तुमच्या नंबराची भिंगं पाठवते. मी स्वतः घासली आहेत, चांगल्या दिवशी.

आपली,
भिंगरी

ता. १७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आत्याचा आशीर्वाद. वि. वि.

तू आजोबांना काय काय लिहितेस ते मी वाचत नाही, पण त्यांच्या तोंडावर दिसतं. म्हाताऱ्या माणसाला असल्या गोष्टी लिहायच्या नसतात, एवढी अक्कल कॉलेजात शिकवली नाही वाटतं.

कारखाना सोडतेस हे उत्तम. मुलीने यंत्रापुढे उभं राहावं असं मला कधीच वाटलं नव्हतं. स्थळाकडची माणसं चांगली आहेत, फार खोलात शिरून विचारत नाहीत. त्यांच्यापुढे पोट धरून बसू नकोस म्हणजे झालं. आमच्या वेळी आम्ही दातात टॉवेल धरायचो आणि कामाला लागायचो. गोळ्यांची बाटली दोन दिवसांत पाठवते. मनाला उभारी पाहिजे, गोळी काय, निमित्त. तपासण्यांच्या भानगडीत पडू नकोस, डॉक्टरांना उद्योग नसतो.

तुझी,
आत्या

ता. २० फेब्रुवारी

चि. भिंगरीस आजोबांचे अ. उ. आ.

हे पत्र हातात पडताच आधी राजीनाम्याचा कागद फाड. मग खाली बस आणि पुढचं वाच. दिला असलास तर परत माग. ती सुपरवायझर बाई काय म्हणेल त्याची पर्वा करू नकोस.

काल दाढेने कहर केला. आत्या बाजारात गेली होती. तुझं पार्सल टेबलावर अर्धवट बांधलेलं होतं, वर तुझ्या नावाची बाटली. मी म्हटलं, पोटाची कळ थांबवते ती गोळी दाढेची का थांबवणार नाही? पोरीच्या दोन कमी होतील, पण आजोबा वाचेल. दोन घेतल्या, न बघताच, पाण्याबरोबर. खिडकीशी बसलो. काही नाही. दाढ आपली ठणकतेच आहे. मला वाटलं, घरात सगळेच पुचाट निघाले. मग तिसरी तोंडात टाकली आणि रागाने चावली.

भिंगरी, ती गोड लागली. खडूसारखी, शेवटी जरा नारिंगाची चव. रोज सकाळी मी हीच चावून खातो. माझी हाडांची गोळी!

म्हणजे चोर मी नव्हतो. माझ्या हाडांतला चुना महिन्याच्या महिन्याला तुझ्या पोटाकडे जात होता.

आत्या आली, तिच्यापुढे बाटली ठेवली. तुला वाटेल ती ओशाळली. छे! पिशवीतून बटाटे काढता काढता म्हणाली, की हो, पहिल्यापासून हीच पाठवते. खरी गोळी पोरीबाळींची कूस सुकवते असं दवाखान्यातली कोण ती दाई सांगायची. पोरीला गोळी घेतल्याचं समाधान हवं होतं, ते मिळालं, हाडंही बळकट झाली, कोणाचं काय बिघडलं? वर मलाच म्हणाली, की दुसऱ्याची औषधं खायची सवय वाईट.

कोणाचं काय बिघडलं म्हणे! पोर यंत्रावर पडली, डॉक्टर आत काय आहे म्हणून धसका घेऊन बसला, पोर स्वतःला पुचाट म्हणायला लागली, नोकरी सोडायला निघाली. आणि ही बाई वर तिलाच टोमणे मारते, की गोळ्या घेऊनही रडते! दुखणं हिने दिलं नाही हे कबूल, पण औषध काढून घेऊन वर उपदेश करायचा, याला अंगात वेगळीच मस्ती लागते. तुझ्या बापाला बोलावलं. साहेबांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि म्हणाले, दोघांचंही बरोबर आहे. याला मी शिवण शिकवायला हवी होती, निदान कुठल्या बाजूला कापड आहे ते तरी कळलं असतं.

आता ऐक. आधी डॉक्टरांकडे जा आणि सांग, की तुम्ही लिहिलेली गोळी माझ्या पोटात आजवर गेलेलीच नाही. लाजू नकोस, लाजायचं असेल तर आम्ही लाजू. नवी चिठ्ठी घे. दुकानातून स्वतः आण. पाकीट आपल्या हाताने फोड. तपासण्या करा म्हणाले तर त्याही कर. घरून बाटली आली तर उघडू नकोस.

दाढ मी आज काढून टाकली. चष्म्याला तुझी भिंगं बसवली, आत्याचा चेहरा आता फार स्पष्ट दिसतो. ते तेवढं एक नुकसान झालं.

तुझा,
जीव टांगणीला लागलेला आजोबा

ता. ६ मार्च

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं तेव्हा राजीनामा पाकिटात घालून गोंद लावत होते. गोंद वाया गेला.

डॉक्टरांना सांगितलं. ते आधी हसले, मग माझा चेहरा बघून हसायचे थांबले. म्हणाले, आता खरी गोळी घेऊन कामावर उभ्या राहून बघा, नाही जमलं तर तपासण्या आहेतच. चिठ्ठी घेतली, दुकानात गेले. आजोबा, केवढीशी गोळी! बोटाच्या पेरावर बसेल एवढी. ती हातात धरून मी दुकानाच्या पायरीवर बसले आणि रागाने रडले. दुकानदाराला वाटलं किंमत ऐकून रडते.

पाळी सुरू होताच घेतली. दुखलं नाही असं म्हणणार नाही. दुखलं. पण मागच्या खोलीत कोणी भांडत असावं आणि आपण दार लावून कामाला बसावं, तेवढंच. दिवसभर उभी राहिले. एकही भिंग बाद गेलं नाही. सुपरवायझर बाई दोनदा येऊन बघून गेल्या, पडत का नाही म्हणून. मला कायम केल्याचं पत्र परवा मिळालं.

आत्याची बाटलीही आली. न उघडता परत पाठवते. तिला सांगा, तिच्या हाडांना लागतील, बादल्या चढवून झिजली असतील. आणि स्थळाकडच्यांना सांगा, मुलगी खोलात शिरून विचारते.

आपली,
कायम झालेली भिंगरी

ता. १२ मार्च

चि. भिंगरीस आजोबांचे अ. उ. आ.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. कायम केल्याचा मजकूर आला तसा तुझा बाप म्हणाला, की त्याला खात्री होतीच. त्याला खात्री असते, पण ती सगळं झाल्यावर येते.

बाटली आत्यापुढे ठेवली. तुझा निरोप शब्दाला शब्द दिला. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटणार. मीही उत्तरं जुळवून ठेवली होती. तर ती माझ्याकडे पाठ करून मोरीत पातेलं घासत राहिली. मग तशीच, मागे न बघता, विचारलं, की खरंच दिवसभर उभी राहिली का. मी म्हटलं, पोरीने लिहिलंय. मग विचारलं, एवढ्याशा गोळीने? मी म्हटलं, एवढ्याशा. त्यानंतर ती तेच पातेलं घासत राहिली. घासून घासून ते केव्हाच लख्ख झालं होतं.

तिला माफ कर असं मी म्हणणार नाही. माझाही राग जागच्या जागी आहे. रोज सकाळी मी माझ्या गोळ्या तिच्यासमोर मोजून घेतो, तिला झोंबावं म्हणून. पण काल तिने नवं पाकीट आणलं आणि न फोडता तसंच माझ्या पुढ्यात ठेवलं.

आता पुढचा महिना येईल. तो कसा गेला, गोळी लागू पडली का, डॉक्टर आणखी काय म्हणाले, ते सगळं लिही. आढेवेढे नकोत, आडपडदा नको. आणि लवकर लिही. मी वाट बघतोच, पण आत्याही टपालाच्या वेळेला दार पुसायला निघते. दार काही रोज पुसण्याइतकं मळत नाही.

तुझा,
आजोबा