न्हाणीजवळची तुती

बाबा, अन् वर तुमचं म्हणणं काय, तर झाड सरळ पायजे! सरळ झाड काय चाटाचं होतं? अकरा वर्सं झाले तुमाले जाऊन, तरी हे भांडण माह्या डोक्यातून जात नाही, अन् परवापासून तर लयच पेटलं आहे. परवा आई न्हाणीवर घसरली. उजेड व्हायच्या आधी, चाचपडत आंघोळ करत होती. मनगट सुजलं. काहून अंधारात, हे तुमी तरी विचारू नका. न्हाणी म्हणजे अजून तीच फरशी, तीन काठ्या अन् एक जुनं लुगडं. मधात सरकारी संडास झालं, पण न्हाणी उघडीच राह्यली. त्यात समोरचा रस्ता सिमेंटचा झाला, आपल्या आंगणापेक्षा दोन हात उंच. मोटरसायकलवरच्या माणसाले लुगड्याच्या वरून सगळं दिसते. म्हणून ती उजेडात अंगावर पाणीच घेत नाही.

ते झाड घरी कसं आलं, आठवते का तुमाले? मी चौथीत होतो. आई राजूरले एका साहेबाच्या बंगल्यावर भांडे घासाले जाये. साहेबाची बदली झाली तवा बाई तिले म्हणली, तुले काय पायजे ते ने. दुसरी कोणी असती तर कुकर मागतला असता, पंखा मागतला असता. आईनं कुंडी मागतली. कुंडी मांडीवर अन् झाड ऑटोच्या बाहेर, अशी घेऊन आली. माह्या उंचीचं सरळ खोड, अन् वरून सगळ्या फांद्या छत्रीवानी खाली. लोंबती तुती. तुमी हसले. म्हणले, "हे काय आणलं ओ? झाड हाये का केस मोकळे सोडलेली बाई?" आई न्हाणीजवळ जाऊन उभी राह्यली अन् म्हणली, "इथं लावा. याच्या फांद्या भुईले टेकतात. दोन-तीन वर्सांत चहूकडून परदा होते. मंग मी लुगडं कायले बांधू?" तिनं पहिल्यांदा काही मागतलं होतं. अन् तुमी खड्डा चांगला खणला, शेणखत टाकलं, काठीचा आधार दिला. हे मी लपवत नाही.

मंग शेजारचे काका ओट्यावर येऊन बसले, तुमची तंबाखू घेतली, अन् बोलले. "दारात रडकं झाड लावलं का रे? मयताले बसल्यावानी दिसून राह्यलं."  तुमी त्या काकाले कईच काही बोलले नाही. पण त्या दिवसापासून तुमाले ते झाड डोळ्यात खुपे. खोडाले मधातून एक जोरदार कोंब आला, भाल्यासारखा सरळ. आई तो खुडाले गेली तर तुमी ओरडले, "खबरदार! तेवढंच एक धड फुटलं हाये त्याले." ती सांगत होती का बंगल्यातल्या माळ्यानं बजावलं हाये, लोंबत्या फांद्या म्हणजे खोडावर बांधलेलं कलम, त्या गाठीखालचं काही ठेवाचं नाही. तुमी म्हणले, माळ्याले काय अक्कल.

आई भाकरी थापून राह्यली होती, मी चुलीपाशी बसलो होतो. बाहेर खचखच आवाज आला. ती पिठाच्या हातानं धावली. तुमच्या हातात कोयता, खाली सगळ्या लोंबत्या फांद्या, अन् उभा फक्त तो सरळ कोंब. "काहून तोडल्या?" एवढंच विचारलं तिनं. तुमी म्हणले, "वाकलेलं झाड घराले वाकवते." तिनं वाकून फांद्या उचलल्या अन् बकरीपुढं टाकल्या. तव्यावरची भाकरी करपली, तर तुमी त्यावरूनही बोललेच.

मले तवा काही समजलं नाही. समजलं ते इथं, हैदराबादच्या बाहेर, नर्सरीत लागल्यावर. पहिल्या महिन्यात मीही तेच केलं. लोंबत्या तुतीच्या रांगेत खालचा तरणाताठा फुटवा पाहून खुश झालो, त्याले काठी बांधली. मालकानं अशी शिवी हाणली का रांगेतल्या बाया हसाले लागल्या. "अरे पागल, वो जंगली है. सबसे तगड़ा वोइच दिखता, इसलिए पहले वोइच तोड़ना." तिथंच उकिडवं बसून मी तो फुटवा मोडला, अन् मले तुमच्यावर एवढा राग आला का पाणी पिवाले उठलो नाही. आता गिऱ्हाइकाले मीच सांगतो. आधी जागा मोजा, कारण फांद्या पसरून खाली येतात. खोडाची उंची पाहून घ्या, कारण गाठ जेवढी उंच झाड तेवढंच उंच, पुढं फक्त खालीच वाढते. साहेब लोक माह्यं ऐकतात, बाबा. तुमी आईचं ऐकलं नाही.

काल फोनवर मी म्हणलं, "तोडून टाक ते सरळ बांबू. ना सावली धड, ना आडोसा." तर म्हणते, "हात नको लावू. तुह्या बापानं पाणी घालून वाढवलं हाये."

"त्यायनंच तर मारलं तुहं झाड!"

"मंग काय झालं? माहं मनगट सुजलं हाये, तोंड नाही. जास्त बोलू नको."

सांगा आता. तिची बाजू घेऊन तुमच्याशी भांडावं, तर ती तुमच्या बाजूनं.

म्हणून मी ठरवलं, विचाराचंच नाही कोणाले. माघात येतो. झाड तोडत नाही, आठ फुटावर कापतो अन् वर लोंबत्या तुतीचं कलम बांधतो. रस्ता उंच झाला, तर गाठही उंच पायजे. एवढं उंच, सरळ अन् जाड खोड आमच्या नर्सरीत पैसे देऊनही भेटत नाही, हे मले कबूल करावं लागून राह्यलं, अन् त्याचाही रागच येते.

पण फांद्या भुईले टेकाले दोन-तीन वर्सं लागन. तवरोक काय? हे पत्र तुमाले पोचत नाही अन् आईले वाचून दाखवाची माह्यी हिंमत नाही, म्हणून खरं काय ते इथं लिहितो. सहा वर्सं झाले मी कमावून राह्यलो. मोबाईल दोनदा बदलला. न्हाणीले टिनाचे पत्रे ठोकता येतात, हे मले सुचलं नव्हतं असं नाही. दरसाली सुचलं. दरसाली म्हणलं, बाबानं बिघडवलं, मी काहून निस्तरू? अन् ती अंधारात उठत राह्यली. पत्रे, लोखंडी अँगल, आतून कडी लागन असं दार, मिस्त्रीची मजुरी धरून आत्ताच तिच्या खात्यात टाकून राह्यलो, नऊ हजार चारशे रुपये.