खोल बाजूची शिडी मूळ जागी परत बसवून मिळणेबाबत

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक,
उद्यान विभाग, नगरपालिका कार्यालय,
दुसरा मजला.

विषय : उद्यानातील बुजवलेल्या मोठ्या तरणतलावाची लोखंडी शिडी मूळ जागी बसवून मिळणे, तसेच माझ्या पत्नीस केलेली प्रवेशमनाई मागे घेणे, याबाबत.

संदर्भ : आपल्या विभागाची प्रवेशमनाईची सूचना (रखवालदाराच्या हस्ते मिळाली).

महोदय,

वरील सूचना मी दोनदा वाचली. तिच्यातील एकही वाक्य खोटे नाही, हे प्रथम नमूद करतो. माझ्या पत्नीने हिरवळीवर चेंडू खेळणाऱ्या एका मुलास हनुवटीखाली हात घालून उताणे केले आणि उलट्या पावलांनी कडेपर्यंत ओढत नेले, हे खरे आहे. मुलास इजा झाली नाही. तो हसत होता व 'आजी, परत एकदा' असे म्हणाला, हेही खरे आहे. परंतु त्याची आई हसत नव्हती आणि तिच्या जागी मी असतो तर मीही हसलो नसतो. त्या बाईंच्या घरी जाऊन मी माफी मागितली. त्यांनी बसायला खुर्ची दिली, पण तक्रार मागे घेतली नाही.

तेव्हा तक्रारीबद्दल माझी तक्रार नाही. सूचनेत जागेचे वर्णन मात्र चुकले आहे. तेथे 'हिरवळ' असा शब्द आहे. ती हिरवळ नाही. तंत्रनिकेतनातून यंत्र शाखेची पदविका घेऊन बाहेर पडल्यापासून मला क्रम सोडून काही सांगता येत नाही, म्हणून बाजू क्रमवार मांडतो.

१. जागेविषयी. आपण या पदावर येण्याच्या बऱ्याच आधी सदर ठिकाणी उघड्यावरचे तीन तरणतलाव होते. एक लहान मुलांचा, गुडघाभर पाण्याचा. एक मधला. एक मोठा, ज्याची खोल बाजू पंपघराच्या खिडकीसमोर येत असे. निवृत्त होईपर्यंत मी त्या पंपघरात यंत्रचालक होतो. उन्हाने तापलेल्या फरशीवर ओले पाय उठत आणि दुसरा येईपर्यंत वाळून जात. ओठ निळे पडलेली पोरे कठड्याला टेकून कुडकुडत आणि तरीही 'अजून एकच उडी' म्हणत. खिडकीतून मला माणसे दिसत नसत, फक्त पायांचे घोटे दिसत. पंपांच्या आवाजात ते सगळे ओरडणे मिसळून जाई. पंप बंद केला की ते एकदम मोठे होई. अजूनही घरातला पंखा बंद झाला की मी क्षणभर कान देतो.

पुढे तलाव बुजवण्यात आले. बुजवताना तळ फोडायचा असतो, म्हणजे पावसाचे पाणी खाली मुरते. काम करणाऱ्यांनी घाई केली. कपडे बदलायच्या खोल्या पाडल्या, त्याच विटा आणि फरशा आत लोटल्या, वर माती पसरून गवत लावले. तळ शाबूत, भिंती शाबूत आणि निचऱ्याचा व्हॉल्व्ह बंद. याचा तांत्रिक अर्थ असा, की तिन्ही तलाव जागेवर आहेत व त्यांत पाणी आहे. ते दिसत नाही एवढेच.

हे माझे म्हणणे आहे म्हणून मानू नये. सध्या उन्हाळाच आहे, येऊन पाहावे. सगळे उद्यान पिवळे पडते आणि तीन आकार तेवढे हिरवे राहतात, मोठ्या तलावाच्या तिरक्या कापलेल्या कोपऱ्यासकट. जोराचा पाऊस झाला की तेथील जमीन पायाखाली गादीसारखी दबते. आपल्या माळ्याने एकदा तेथे झाड लावायचे म्हणून पहार मारली. ती जातच राहिली. त्याने ती काढून घेतली, हात पुसले आणि झाड कुंपणापाशी लावले. आपले सध्याचे रखवालदार तर तलाव बुजवल्यानंतर नोकरीस लागले. त्यांनी तेथे पाण्याचा थेंब पाहिलेला नाही. तरीही फाटकाकडून कोठीकडे जाताना ते सरळ न जाता लांबच्या बाजूने वळसा घेतात. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, "काय माहीत काका, पाय जातच नाही." सकाळी फिरायला येणारी मंडळीही काठाकाठाने फिरतात. त्यांच्या पायांनी तेथे वाट पडली आहे, आणि ती वाट तलावाच्या मापाची आहे. हिरवळीच्या आत फक्त मुले जातात. मुलांचे पूर्वीही असेच होते.

२. कामाच्या पद्धतीविषयी. माझी पत्नी त्या तलावावर जीवरक्षक होती. पोरे तिला शिट्टीबाई म्हणत, तोंडावर नव्हे. तिने घालून दिलेली पद्धत अशी : पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाने आपल्या चपला काठावर, रांगेत, तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवायच्या. वेळ संपल्याची शिट्टी झाली की सर्वांनी बाहेर यायचे. खोल बाजूच्या माणसाने शिडीनेच यायचे, काठाला लोंबकळून चढायचे नाही, कारण तेथील फरशीची कड हात कापते. मग ती काठावरून एक फेरी मारी. चपलांचा एक जरी जोड उरला असला तरी कोणाला काही न विचारता पुन्हा पाण्यात उतरे. बहुतेक वेळा त्या जोडाचा मालक अनवाणी घरी गेलेला असे. ती म्हणे, "अनवाणी गेलाय हे कळायला मला तळ बघावाच लागतो."

काठ मोकळा झाला की ती पंपघराच्या खिडकीवर बोटाने वाजवी आणि एकच शब्द बोले, "रिकामा." त्यानंतरच मी यंत्रे बंद करायची, दिवे मालवायचे, कुलूप लावायचे. तोपर्यंत हलायचे नाही. आमचे लग्नापूर्वीचे बोलणे बहुतांशी या एका शब्दाचे आहे.

३. पत्नीच्या प्रकृतीविषयी. डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे, त्यातील शब्द मी येथे परत लिहीत नाही. ती मुलीचे नाव विसरली आहे. स्वयंपाकघर कोणत्या बाजूला आहे ते विसरली आहे. मला ती 'अहो' म्हणते, पण तसे ती सर्वांनाच म्हणते, गॅस घेऊन येणाऱ्यालाही. मुलगी फोनवर म्हणते, "बाबा, तुम्ही आईला त्या बागेत नेऊच नका, म्हणजे विसरेल ती." मुलीचा तर्क सरळ आहे, पण उलटा लागू पडतो. पत्नी बाकी सर्व विसरली आहे, तेवढे एक सोडून.

रोज दुपार कलली की ती काठाशी येते, चपला काढून तोंड बाहेर करून ठेवते आणि उथळ बाजूने आत उतरते. हात किंचित वर धरून चालते, जसे छातीभर पाण्यात चालतात. फेरी पूर्ण करून खोल बाजूला जेथे शिडी होती बरोबर तेथे येते आणि दोन्ही हातांनी खांद्याच्या उंचीवर शिडीचे दांडे चाचपते. दांडे नसतात. काठावरून चढणे तिच्या नियमात बसत नाही. ती तशीच चाचपत उभी राहते. मग तिची नजर काठावर जाते. तेथे चपलांचा एक जोड उरलेला असतो. त्या चपला तिच्या स्वतःच्या असतात, परंतु हे तिला कळत नाही. "एक जण राहिलाय," असे म्हणून ती परत फिरते आणि त्याला शोधायला खोल भागात जाते. तक्रारीतील मूल त्या दिवशी याच शोधात सापडले.

अंधार पडेपर्यंत हे चालते. मग मी व रखवालदार तिला दोन्ही दंडांना धरून बाहेर काढतो. ती मागे वळून पाहत राहते. घरी आल्यावरही तिला झोप लागत नाही. जो माणूस आत राहिला आहे, त्याच्यासाठी ती जागी असते.

४. मी केलेल्या उपायांविषयी. प्रथम मी बुटांसकट आत जाऊन समजूत घातली. 'बूट घालून पाण्यात? पंपवाल्यांना काही अक्कल?' असे चार लोकांत ऐकून परत आलो. नंतर मी चपला उचलून लपवल्या. त्याने फारच बिघडले. कोणीतरी चपला नेल्या, आता आत किती जण आहेत ते कसे कळणार, असे म्हणून ती रडू लागली. तिला रडताना मी त्यापूर्वी पाहिले नव्हते.

शेवटी मी घरातली लाकडी शिडी आणली व मूळ शिडीच्या जागी उभी केली. ती रोवावी लागेल असे वाटले होते. रोवावी लागली नाही. ती आपल्या आपण आत गेली, दोन पायऱ्या वर राहिल्या, आणि खाली कशाला तरी टेकली. पत्नी चाचपत आली. दांडे हाताला लागले. त्या दोन पायऱ्या ती चढली, पलीकडे उतरली आणि मान तिरकी करून केस पिळले. केसांतून पाणी पडले की नाही ते मी पाहिलेले नाही, कारण मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. बाहेर आलेल्या माणसाचे पाय चपलांकडे जातात, तसे तिचे गेले. ती म्हणाली, "अगं बाई, माझ्याच की." काठ मोकळा झाला. ती पूर्वीच्या पंपघराकडे गेली, जेथे आता आपली कोठी आहे, आणि खिडकीवर बोटाने वाजवून म्हणाली, "रिकामा."

त्या रात्री ती सकाळपर्यंत झोपली. उठल्यावर मला बराच वेळ न्याहाळून म्हणाली, "अहो, तुम्ही इतके म्हातारे कधी झालात?" एवढ्या वर्षांत माझ्याविषयी कोणी इतके नेमके बोललेले नाही.

दुसऱ्या दिवशी घरगुती सामान उद्यानात आणल्याबद्दल शिडी जप्त झाली. रखवालदार म्हणाले, "काका, माझं काही नाही हो, पण साहेबांची चक्कर असते." त्यांची अडचण मला मान्य आहे. त्याच आठवड्यात मुलाचा प्रकार घडला आणि नंतर आपली सूचना आली.

५. मनाईच्या परिणामांविषयी. सूचना मिळाल्यावर मी तिला दोन दिवस घरी ठेवले. तिसऱ्या दिवशी ती घरात सापडली नाही. शेजारच्या इमारतीचे काम चालू आहे, तेथे पाण्याची टाकी उघडी आहे. टाकीच्या कडेला तिच्या चपला होत्या, तोंड बाहेर केलेल्या. गवंड्याने तिला पाठीमागून धरून ठेवले होते. तो म्हणाला, "आजोबा, बरं झालं मी हात धुवायला आलो."

महोदय, तिला पाण्यात उतरायचेच आहे. शहरात पाणी पुष्कळ ठिकाणी आहे. मातीने भरलेला हा एकच तलाव असा आहे, की ज्यात माझी पत्नी बुडू शकत नाही.

सबब विनंती अशी :

(अ) प्रवेशमनाई मागे घ्यावी. मुलांपासून तिला दूर ठेवण्याची जबाबदारी माझी. यापुढे तिच्याबरोबर मी चपला काढून आत उतरेन, म्हणजे तिला शोधायला कोणीतरी आत असेल. मला पोहता येत नाही, पण तशी गरज पडू नये.

(आ) मोठ्या तलावाची मूळ लोखंडी शिडी आपल्या कोठीत मागील भिंतीला टेकून पडलेली आहे. गंज वरवरचा आहे. ती नकाशात दाखवलेल्या जागी बसवून द्यावी. बसवण्याचे काम मी स्वतः करीन. हिरवळीत मधोमध शिडी विचित्र दिसेल, लोक विचारतील, हे मी जाणतो. त्यांना काय सांगायचे ते आपण ठरवावे. माझ्या अनुभवाने लोक फार विचारणार नाहीत. ते तसेही काठानेच चालतात.

(इ) हे शक्य नसल्यास माझी लाकडी शिडी तरी परत मिळावी.

हे किती दिवस चालेल, असे आपण विचाराल. डॉक्टर म्हणतात, फार नाही. मी यंत्रचालक माणूस. आतले सगळे बाहेर आले, असे तिने सांगायचे आणि मग मी दिवे मालवायचे, अशी आमची कामाची वाटणी आहे. तो शब्द ऐकल्याशिवाय घरी जायची मला सवय नाही. एवढेच या अर्जाचे कारण.

आपल्या आदेशाची वाट पाहत काठावर उभा असलेला,
आपला नम्र,

(सही)
अर्जदार
निवृत्त यंत्रचालक, तरणतलाव पंपघर

दिनांक : १७ एप्रिल

सोबत :
१. प्रवेशमनाईच्या सूचनेची प्रत.
२. डॉक्टरांचे पत्र.
३. तिन्ही तलावांचा हाताने काढलेला नकाशा. शिडीची जागा लाल पेन्सिलीने दाखवली आहे. पाण्याची खोली जुनीच धरावी.