अ‍ॅडॉप्टर लावण्याआधीची तयारी

सोमवार, ३ ऑगस्ट
वायरलेस अ‍ॅडॉप्टर आणला. नखाएवढा आहे. कॉम्प्युटर हॉलमधून मागच्या खोलीत, शिलाई मशीनशेजारी न्यायचाय आणि तिथपर्यंत इंटरनेटची वायर पोचत नाही, म्हणून हा उद्योग. रविवारी सकाळी अकराला हिचा पहिला ऑनलाइन शिवणक्लास. किती वर्षं म्हणत होती, आता कुठे बायकांनी नावं दिलीत. कॉम्प्युटरवाल्याला बोलवू का, असं ही दोनदा म्हणाली. म्हटलं, दहा मिनिटांच्या कामाला बाहेरचा माणूस कशाला? पुस्तिकेत पहिल्याच पानावर ठळक छापलंय: आधी कॉम्प्युटर तयार करा, मगच अ‍ॅडॉप्टर लावा. लोक नेमके इथंच चुकतात.
उद्या संध्याकाळी काम फत्ते.

मंगळवार, ४ ऑगस्ट
सगळे प्रोग्रॅम बंद केले. मग वाटलं, कॉम्प्युटर आतूनही स्वच्छ हवा. डबा उघडला. धूळ झाडायला हिचा पावडरचा ब्रश घेतला. त्यावरून बोलणी खाल्ली. डबा बंद केल्यावर दोन स्क्रू उरले. कंपनीवाले जास्तीचे देत असावेत.

बुधवार, ५ ऑगस्ट
आज बॅकअप. लग्नाचे फोटो निघाले. तेव्हा माझे केस बरे होते. तेवढ्यात मेहुण्याचा फोन. म्हणाला, भावोजी, सरळ खोचून टाका, आपोआप चालतो. सुरक्षित नेटवर्क म्हणजे काय, याची त्याला काडीची जाण नाही. चिडचिड झाली. खुर्चीत बसवेना. बॅकअप अर्धा राहिला.

गुरुवार, ६ ऑगस्ट
फक्त पासवर्ड ठरवला. इतका मजबूत की मलाच पाठ होत नाही. हॉलमध्ये येरझाऱ्या घालत घोकतोय. ही म्हणाली, नमनालाच घडाभर तेल. दुर्लक्ष केलं. पाया पक्का करणाऱ्याला जग हसतंच.

शुक्रवार, ७ ऑगस्ट, संध्याकाळी सहा
पुस्तिका म्हणते, जुनं नेटवर्क सॉफ्टवेअर काढून टाका. एक घाव दोन तुकडे. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की? म्हटलं, नक्की. असा ठाम निर्णय घेतला की स्वतःचंच कौतुक वाटतं.

सव्वासहा
पुढची ओळ वाचली. नवं सॉफ्टवेअर इंटरनेटवरून उतरवून घ्या. इंटरनेट त्या जुन्या सॉफ्टवेअरवरच चालत होतं. पुस्तिका लिहिणाऱ्याला अक्कल नाही. हिला सांगितलं नाही, उगाच काळजी करत बसेल.

शनिवार, ८ ऑगस्ट
ऑफिसातून सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर आणायचं ठरवलं. शनिवारी ऑफिस बंद असतं, हे गेटवर आठवलं. मोबाइलवरून उतरवता येईल, असं मेहुणा म्हणतो. म्हणजे आता मेहुण्याकडून शिकायचं? परतताना वाटेतूनच गुपचूप कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. तो सोमवारी येतो म्हणाला. वर विचारतो, तुम्ही आतलं काही काढलंबिढलं नाही ना? मी फोन ठेवला.
घरी आलो तर हिने मागच्या खोलीतला पडदा धुऊन लावलेला. टेबलावर कापड, खडू, कात्री, टेप, सगळं मांडलेलं. विचारलं, कॉम्प्युटर तयार ना? म्हटलं, तयार. यात खोटं काय? आठवडाभर तोच तर तयार करतोय.

रविवार, ९ ऑगस्ट
सकाळपासून नुसती उठबस. दहाला हिने कॉम्प्युटर लावून बघितला. मग माझ्याकडे बघितलं. कापड, कात्री पिशवीत भरली आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेली. त्यांच्याकडे मशीनही आहे आणि नेटही.
अकराला मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. दार अर्धवट उघडं होतं. क्लासमधल्या एका बाईने विचारलं, ताई, तुम्ही तुमच्या घरून शिकवणार होतात ना? ही म्हणाली, घरी अजून तयारी चालू आहे. हसली नाही. घरात कुणी आजारी असलं की सांगतात, तशा आवाजात म्हणाली. मला फार वाईट वाटलं. मग हिने सगळ्यांना कापडाला कात्री लावायला सांगितली. छान शिकवते. मला हे माहीतच नव्हतं.
जेवताना मी सांगितलं, उद्या कॉम्प्युटरवाला येतोय. ही म्हणाली, कशाला, पुढचे सगळे क्लास काकूंकडेच ठरलेत. कॉम्प्युटर राहू दे हॉलमध्ये, तुम्हाला बसायला होईल.
बसलोय.