तीन जावांची पेटी

१ ऑक्टोबर १९९८, गुरुवार

पेटी उठली नाही.

माझी नात नित्या म्हणते, कुठली पेटी ते आधी सांग. वहीला ठाऊक नसेल तर लिही. तू लिहिणारी, मी सांगणारी. तमिळ मुलखात राहून, हिंदीच्या परीक्षा देऊन तू ही नागरी अक्षरं शिकलीस, त्यांचा काही उपयोग होऊ दे.

तर पुढच्या खोलीत माझ्या नातवाची, सतीशकुमारची, कचेरी. तिथे माझ्या कमरेइतकी उंच कंप्युटरची पेटी. पेटीत तीन डबे, सतीश त्यांना डिस्क म्हणतो. डब्यांत त्याचं दोन वर्षांचं काम — कावेरीचे कालवे, वाटा, शेतं, गावोगावचे नकाशे, कागदावरून एकेक रेघ आत उतरवलेले. दिवाळीच्या आत मद्रासच्या कंपनीला द्यायचे. नाही दिले तर कचेरीला कुलूप, असं तो मागेच म्हणाला होता.

काल आयुधपूजा. परवा संध्याकाळी सतीशने स्वतःच पेटी बंद केली. एरवी ती कधी निजत नाही. काल माझ्या मुलाने, भीमसेनने, सगळ्यांना गंध लावलं — पेटीला, टेलिफोनला, मोपेडला, माझ्या विळीलाही. आज विजयादशमी. बटण दाबलं. नुसती घरघर, मग काळ्या काचेवर पांढरी अक्षरं. सतीशचा चेहराही त्याच रंगाचा झाला.

"पेटीला कुणी हात लावला?" त्याने विचारलं.

भीमसेन लगेच पुढे आला. "मी लावला. पूजेसाठी डबे बाहेर काढले होते. परत घालताना खालीवर झाले असतील."

सतीश परत पेटीकडे वळला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

२ ऑक्टोबर

मद्रासला फोन झाला. तिथे सांबशिव म्हणून एकजण आहे, मेलेल्या पेट्या उठवतो. सोमवारी येतो म्हणाला. तोवर कुणी बोट लावायचं नाही. सतीश म्हणाला, डब्यांचा क्रम बदलून बघू का? तिकडची ओरड मला फोनच्या बाहेर ऐकू आली.

पेटी म्हणे विचारते आहे, सगळं नव्याने मांडू का? हो म्हटलं की दोन वर्षं पुसली. माझी सासू असंच गोड विचारायची.

मी सतीशला म्हटलं, दुसरी प्रत काढून ठेवतात म्हणे शहाणी माणसं. म्हणाला, ठेवलीय. कुठे? तर त्याच पेटीत! अय्यो, लोणच्याची दुसरी बरणी पहिल्या बरणीत ठेवतात का रे? असं म्हटल्यावर एरवी हसतो. आज उठून गेला.

३ ऑक्टोबर

सतीश बापाच्या पंगतीला बसत नाही.

४ ऑक्टोबर

आजही तेच. भीमसेन उशिरा जेवतो, पान मागच्या पडवीत घेतो. आयुष्यभर शाळेत पोरांना ओरडलेला माणूस, आता घरात पाहुण्यासारखा पाय न वाजवता चालतो. माझी सून कमलाक्षी दोन वेळा रसम गरम करते आणि भांडी आपटते. भांडी तरी बोलतात या घरात.

सतीशला मी म्हटलं, बाप आहे तो, चुकला. म्हणाला, "आजी, दोन वर्षं गेली माझी." डोळे पुसायला तोंड फिरवलं. मग परत त्या पेटीसमोर जाऊन बसला, मेलेल्या गाईजवळ बसावं तसा. जेवायला सुद्धा तिथेच.

५ ऑक्टोबर, सोमवार

सांबशिव आला. तोंडापेक्षा मिशी मोठी. येताच कॉफी. तपासताना कॉफी. डिकाक्शन पातळ आहे असं कमलाक्षीच्या तोंडावर म्हणाला, तेव्हाच मला वाटलं, हा खरा जाणकार. ज्याला घाबरायचं कारण नाही तोच असं बोलतो.

मला ओट्यावर बसून समजावलं. तीन डब्यांपैकी कुठलाही एक गेला तरी चालतं. उरलेले दोघे मिळून तिसऱ्यात काय होतं ते सांगतात. मी म्हटलं, एवढंच ना? आम्ही तिघी जावा होतो. एक माहेरी गेली की उरलेल्या दोघी डोकी एकत्र करून तिची चिंच कुठे, हिंग कुठे, शोधून काढायच्या. दोघी एकदम अंथरुणावर पडल्या, तेव्हा घर उपाशी. सांबशिवने कॉफीचा डवरा खाली ठेवला. आजीला तमिळमध्ये म्हणतात तसं म्हणाला, पाटी, तीन वर्षं मी हे लोकांना शिकवतोय, उद्यापासून तुमच्या जावा सांगणार.

मग कळलं — एक जाऊ कधीच गेलेली! आडी महिन्यात, जुलैतच. पेटी तेव्हा कुईकुई करून सांगत होती. ती कुईकुई कुणी बंद केली? सतीशने. कामात लक्ष लागेना म्हणून.

दुसरा डबा आता पूजेच्या दिवशी गेला. गेला म्हणजे मेला नाही, अडकलाय. वर्षभर सारखा फिरत होता, पूजेला थांबला, निवला, मग उठता येईना. त्यात मला समजावण्यासारखं काही नव्हतं. माझे गुडघे रोज तेच करतात.

६ ऑक्टोबर

सकाळपासून घरात मिक्सर बंद, पंप बंद. करंटवर ताण नको म्हणे. चटणी पाट्यावर वाटली. कमलाक्षी म्हणाली, आता हातांची सवय राहिली नाही. मी काही म्हटलं नाही. नित्या, हेही लिही की मी काही म्हटलं नाही.

सांबशिवने तो अडकलेला डबा हातात धरून उबवला. मग मनगटातून एक हलका हिसका दिला, नारळात पाणी आहे का बघतो तसा. तारा जोडल्या. आत बारीक आवाज सुरू झाला — फिरू लागला! सतीशने भिंत धरली होती.

सांबशिव म्हणाला, आता हा जन्मभर फिरेल की तासभर, देवालाही ठाऊक नाही. आत बघायचं नाही, काही उघडायचं नाही. आधी अख्ख्या डब्याची प्रत नव्या डब्यावर. सगळं बघणं नंतर, तेही प्रतीवरच. सरस्वती महाल ग्रंथालयातले लोक जुन्या पोथ्यांना असंच जपतात.

दिवसभर प्रत उतरत होती. भीमसेन दाराबाहेर उभा. आत ये, असं कुणी म्हटलं नाही. तोही आला नाही.

७ ऑक्टोबर

सगळं मिळालं. सगळं!

दोन डब्यांच्या प्रतींवरून तिसरा सुद्धा उभा राहिला. सतीशने मला खुर्चीवर बसवून माझं माहेर दाखवलं. कालवा, तळं, देवळाचा कोपरा. करंगळीच्या नखाएवढं गाव. आमची भांडणं मात्र त्यात मावली नसती.

नित्या रडली. मी नाही रडले. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

८ ऑक्टोबर

सांबशिव गेला. जाण्याआधी सतीशकडून दोन प्रती करून घेतल्या. एक नित्याच्या शाळेतल्या कपाटात, एक माझ्या भावाच्या घरी गावात. दर शुक्रवारी नवी. आता सतीश मला न विचारताच म्हणतो, बरणी वेगळ्या घरात, आजी.

पेटी बंद करताना सांबशिव सहज बोलून गेला. डबे आपापल्या जागीच होते. मागची धूळ जशीच्या तशी आहे, वर्षभरात ते कुणी काढलेलेच नाहीत. गंध फक्त बाहेरून लावलंय.

सतीशने वाकून मागची धूळ स्वतः बघितली. मग दुपारी बापाच्या शेजारी पान मांडून बसला. म्हणाला, "अप्पा, तुम्ही डबे काढलेच नव्हते."

"नसतील काढले," भीमसेन म्हणाला. "वय झालं. आठवत नाही आता."

सतीशने त्याच्या भातावर तूप वाढलं. एकदा, मग परत एकदा. दोघांनी तिसऱ्यांदा भात घेतला. कमलाक्षीने भांडी हळू ठेवली. मला आज दुपारी झोप लागली, किती दिवसांनी.

९ ऑक्टोबर

भीमसेनला आठवत नाही? सत्तेचाळीस साली कुठल्या पोराने याची पाटी फोडली ते आठवतं, आणि परवाची पूजा नाही?

सकाळी फुलं निवडताना धरलं त्याला. आधी हसला. मग म्हणाला, "पेटी सतीशनेच बंद केलेली. स्वतःवर रागावला असता तर पेटी टाकून निघून गेला असता, आई. माझ्यावर रागावला, म्हणून तिथे बसून राहिला."